हात थरथरतात तेव्हा मेंदूत काय चाललेलं असतं: दारू, इतर अमली पदार्थ आणि व्यसन

प्रश्न थोडक्यात असा: "माझा धाकटा भाऊ आधी फक्त शनिवारी मित्रांबरोबर प्यायचा. आता रोज लागते. सकाळी हात थरथरतात आणि दोन घोट घेतले की थांबतात. 'मनात आणलं तर उद्यापासून सोडीन' असं तो म्हणतो. दारूनं आणि इतर नशेच्या पदार्थांनी शरीरात नेमकं काय होतं? व्यसन जडतं म्हणजे काय होतं? आणि आम्ही त्याची दारू एकदम बंद करावी का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते जिवाशी निगडित आहे. घरच्या घरी एकदम बंद करू नका. खोलीत कोंडणं, बाटल्या फोडणं, पैसे काढून घेणं, यातलं काहीही करण्याआधी त्याला डॉक्टरकडे न्या. सकाळची थरथर दोन घोटांनी शांत होते, याचा अर्थ त्याच्या मेंदूनं दारू गृहीत धरून आपला सगळा कारभार बदलून घेतला आहे. अशा माणसाची दारू एकाएकी तुटली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर मृत्यूही येऊ शकतो. हे का होतं ते कळलं की तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरंही त्यातूनच निघतील, म्हणून सविस्तर सांगतो.

दारूतला नशा आणणारा घटक म्हणजे इथेनॉल. हा रेणू अगदी लहान, पाण्यात सहज मिसळणारा आणि पेशींच्या आवरणातून आरपार जाणारा. त्याला पचावं लागत नाही. थोडा भाग जठरातून आणि बराचसा लहान आतड्यातून थेट रक्तात उतरतो आणि काही मिनिटांत मेंदूत पोचतो. पोटात अन्न असेल तर जठर आपला ऐवज खाली सोडायला वेळ लावतं, म्हणून चढायला उशीर होतो. दारू शरीरातून काढून टाकण्याचं काम मुख्यतः यकृताचं. तिथे एक विकर (एन्झाइम) इथेनॉलचं ॲसिटाल्डिहाइड बनवतं आणि दुसरं त्याचं ॲसिटेट. मधला ॲसिटाल्डिहाइड चांगलाच विषारी आहे, पेशींतल्या डीएनएलाही तो इजा करतो. या कामाचा वेग जवळजवळ ठरलेला असतो, तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम. ४० टक्क्यांच्या कडक दारूच्या ३० मिलिलिटरमध्ये सुमारे साडेनऊ ग्रॅम इथेनॉल असतं, म्हणजे एका लहान पेगला तासभर लागतो. कॉफी, लिंबू, थंड पाण्याची अंघोळ यांनी झोप उडेल, पण यकृताचा वेग वाढत नाही. मध्यरात्रीपर्यंत भरपूर प्यायलेला माणूस सकाळी गाडी चालवायला बसतो तेव्हा त्याच्या रक्तात दारू शिल्लक असू शकते, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण तुलनेनं कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच दारूनं त्यांच्या रक्तातली पातळी जास्त चढते.

मेंदूत गेल्यावर इथेनॉल अनेक ठिकाणी हात घालतं, पण दोन परिणाम सर्वांत महत्त्वाचे. चेतापेशींना शांत करणारं रसायन म्हणजे गाबा, दारू त्याचा जोर वाढवते. त्यांना उत्तेजित करणारं रसायन म्हणजे ग्लुटामेट, दारू त्याची एक मोठी वाट अडवते. विचार करून आपल्याला आवरणारा, कपाळामागचा मेंदू लवकर सुस्तावतो, म्हणून संकोच सुटतो आणि मोकळं वाटतं. मग जीभ जड होते, तोल जातो, झोप येते. प्रमाण फारच वाढलं तर श्वास चालवणारं केंद्रही मंदावतं. बेशुद्ध पडलेल्याला "झोपू दे, सकाळी उतरेल" म्हणून सोडून जाऊ नये ते यासाठीच. पोटातली दारू अजून रक्तात जातच असते, त्यामुळे बेशुद्धी आणखी खोल होऊ शकते, आणि उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवा, श्वासावर नजर ठेवा आणि दवाखान्यात हलवा.

आता तुमच्या भावाच्या थरथरणाऱ्या हातांकडे येतो. शरीराचा स्वभावच तोल सावरण्याचा आहे. रोज संध्याकाळी बाहेरून येणारं एक रसायन मेंदूला दडपतंय म्हटल्यावर मेंदू उलट बाजूनं जोर लावायला लागतो. गाबाला प्रतिसाद देणारी ग्राहकं, म्हणजे पेशीवरची कुलपं ज्यांत रसायन किल्लीसारखं बसतं, मंद होतात, ग्लुटामेटला प्रतिसाद देणारी वाढतात. जोराच्या वाऱ्यात चालणारा माणूस वाऱ्याविरुद्ध पुढे झुकून चालतो, तसं हे आहे. वारा आहे तोवर तो सरळ चालतोय असंच दिसतं, वारा अचानक थांबला की तो तोंडावर आपटतो.

या झुकण्याचे दोन परिणाम दिसतात. पहिला म्हणजे सहनशीलता. पूर्वी दोन पेगांत जी नशा यायची तिला आता पाच लागतात. मित्रमंडळींत याचं कौतुक होतं: "त्याला चढतच नाही!" ही तब्येतीची बढाई मारण्याची गोष्ट समजली जाते याचं मला फार वाईट वाटतं, कारण मेंदू किती झुकलाय याचंच ते लक्षण असतं. मेंदू सरावतो, पण यकृत, स्वादुपिंड, हृदय यांना पाच पेगांची इजा पाच पेगांइतकीच होते. दुसरा परिणाम म्हणजे दारू उतरताना होणारा त्रास, विड्रॉवल.

शेवटच्या घोटानंतर साधारण सहा ते आठ तासांत मेंदूवरचं दडपण कमी होतं, पण उलटा जोर तसाच असतो. हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, मळमळतं, जीव घाबरा होतो. रात्रीची झोप मध्ये येते म्हणून हे नेमकं सकाळी दिसतं. अशा वेळी घेतलेला 'उतारा' लागू पडतो कारण वारा पुन्हा सुटतो. फिट येण्याचा धोका पहिल्या ६ ते ४८ तासांत. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना डेलिरियम ट्रेमेन्स होतो: माणूस वेळ-काळ-जागा विसरतो, भिंतीवर किडे दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलतो, ताप चढतो, नाडी आणि रक्तदाब हाताबाहेर जातात. पूर्वी यात मृत्यूचं प्रमाण मोठं होतं. आज वेळेत दाखल केलं तर बहुतेक सगळे वाचतात. गाबावरच काम करणारी बेन्झोडायझेपिन गटातली औषधं काही दिवस देऊन ती मात्रा हळूहळू उतरवली जाते, म्हणजे मेंदूला सरळ उभं राहायला वेळ मिळतो. डोस माणसागणिक ठरतो, म्हणून या गोळ्या आपल्या मनानं आणून देऊ नका. दारूबरोबर त्या पोटात गेल्या तर श्वास थांबू शकतो.

आणखी एक गोष्ट घरच्यांना सहसा कोणी सांगत नाही. पुन्हा पुन्हा अचानक सोडणं आणि पुन्हा सुरू करणं यानं मेंदू अधिकाधिक चिडखोर होत जातो. पहिल्या वेळी नुसती थरथर झाली होती म्हणून पुढच्या वेळीही तेवढंच होईल, असं धरून चालू नका. आधी कधी फिट आली असेल तर ते डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा.

जीवनसत्त्व बी-१, म्हणजे थायमिन, याबद्दल मी नेहमी आग्रहानं बोलतो, कारण ते साधं आणि स्वस्त आहे, आणि ते न मिळाल्यानं होणारं नुकसान भयंकर. रोज पिणाऱ्याचं जेवण तुटलेलं असतं आणि जे खातो त्यातलं थायमिन आतडं नीट शोषत नाही. मेंदूतल्या काही भागांना साखरेपासून ऊर्जा मिळवायला ते लागतंच. ते संपलं की गोंधळलेपणा, डोळ्यांच्या हालचालीत बिघाड आणि चालताना झोकांड्या दिसतात. जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निकेनं १८८१ साली याचं वर्णन केलं. तिन्ही लक्षणं एकदम दिसतीलच असं नाही, आणि घरचे त्याला नशाच समजतात. वेळेत थायमिनची इंजेक्शनं मिळाली तर बरंच परत येतं. नाही मिळाली तर नवी आठवण साठवण्याची क्षमताच जाऊ शकते, माणूस पाच मिनिटांपूर्वीचं विसरतो आणि मधल्या जागा कल्पनेनं भरत राहतो. हे नुकसान बऱ्याचदा कायमचं असतं. म्हणून अशा रुग्णाला ग्लुकोजचं सलाइन लावण्याआधी, निदान त्याच्याबरोबर, थायमिन द्यावं असा आम्हा डॉक्टरांचा दंडक आहे.

यकृताचं बहुतेकांना माहीत असतं, पण अर्धवट. जवळजवळ प्रत्येक जास्त पिणाऱ्याच्या यकृतात चरबी साठते आणि त्याचा काहीच त्रास जाणवत नाही. ही पायरी काही आठवडे पूर्ण बंद ठेवल्यानं उलटते, म्हणून या टप्प्यावर सापडलेल्या माणसाला मी भाग्यवान म्हणतो. पुढे सूज, मग व्रण पडून यकृत कडक होणं, म्हणजे सिरॉसिस. पोटात पाणी, रक्ताच्या उलट्या, कावीळ ही फार उशिराची लक्षणं. "रिपोर्ट नॉर्मल आलेत" हा पिण्याचा परवाना नाही, कारण सिरॉसिस असूनही यकृताच्या काही चाचण्या ठीक येऊ शकतात. स्वादुपिंडाला येणारी सूज, वाढणारा रक्तदाब, कमकुवत होणारं हृदय, पायांची जळजळ आणि बधिरपणा, पुरुषांमधली लैंगिक दुर्बलता, सगळ्यांचा विस्तार इथे करत नाही. पण कॅन्सरचं सांगितलंच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं मद्याला १९८८ सालीच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्त्रियांमध्ये स्तन, या सगळ्यांचा धोका दारूनं वाढतो. दारू महाग आहे की स्वस्त, वाइन आहे की बिअर, यानं फरक पडत नाही. इथेनॉल सगळ्यांत तेच.

झोपेबद्दलही गैरसमज मोठा आहे. दारूनं झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती तुटते आणि स्वप्नांची झोप बिघडते. मग "प्यायल्याशिवाय झोप येत नाही" ही तक्रार सुरू होते, जी दारूनंच तयार केलेली असते.

इतर पदार्थांचं तत्त्व हेच, फक्त कुलपं वेगळी. अफू, मॉर्फिन, हेरॉइन, गर्द आणि काही कडक वेदनाशामकं ही शरीराच्या स्वतःच्या वेदनाशामक यंत्रणेची ग्राहकं वापरतात. ती ग्राहकं मेंदूत असल्याचं १९७३ साली दाखवलं गेलं, आणि शरीर स्वतः बनवतं ती रसायनं १९७५ मध्ये सापडली. ही नशा श्वासाचं केंद्र दाबते, अतिमात्रेतला मृत्यू त्यानंच होतो. नालोक्सोन हे औषध वेळेत मिळालं तर काही मिनिटांत श्वास परत येतो. तुटल्यावरचा त्रास, ज्याला गर्दुल्ले 'टर्की' म्हणतात, भयानक असतो: हाडं मोडल्यासारखी दुखतात, जुलाब, उलट्या, नाक-डोळे वाहणं, अंगावर काटा. तरी धडधाकट माणूस त्यानं सहसा मरत नाही. दारूच्या आणि झोपेच्या गोळ्यांच्या विड्रॉवलनं मरू शकतो. दारूला 'साधी' आणि ड्रग्जना 'खतरनाक' मानणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं.

कोकेन डोपामिन या मेंदूतल्या रसायनाला (त्याच्याबद्दल पुढे सांगतो) पेशीत परत जाऊ देत नाही, मेथॲम्फेटामिन त्याहून पुढे जाऊन साठा बाहेर ढकलतं. दोन्हींनी रक्तवाहिन्या आवळतात, त्यामुळे तरुण वयात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊ शकतो, आणि संशयानं पछाडणारा मनोविकार होऊ शकतो. कोकेन आणि दारू एकत्र घेतली तर यकृतात कोकाएथिलिन नावाचं तिसरं रसायन बनतं, ते हृदयाला आणखी घातक. गांजामुळे श्वास थांबून मृत्यू होत नाही, कारण श्वासकेंद्रात त्याची ग्राहकं फारच थोडी. पण किशोरवयात, जास्त जोराचा, रोज ओढला तर स्मृती आणि अभ्यास यांचं होणारं नुकसान आणि मनोविकाराची जोखीम खरी आहे, आणि गांजाचंही व्यसन लागतं. मुलं डिंक हुंगतात असं आपण म्हणतो, पण ती हुंगतात ती खरं तर त्यातल्या टोल्युइनसारख्या द्रावकांची वाफ असते. तिनं पहिल्याच वेळीही हृदयाचे ठोके बिघडून मुलगा दगावू शकतो.

आता व्यसन. शरीराला सवय होणं आणि व्यसन लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑपरेशननंतर काही आठवडे मॉर्फिन घेतलेल्याला बंद करताना त्रास होईल, पण तो घरी जाऊन मॉर्फिन शोधत फिरत नाही. शोधत फिरणं जिथून येतं तो मेंदूचा भाग वेगळा. १९५४ साली जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत खोलवर तारा बसवल्या. कळ दाबली की त्या जागेला सौम्य विजेचा स्पर्श व्हायचा. उंदीर तासाला शेकडो वेळा ती कळ दाबत राहिले. या यंत्रणेचं मुख्य रसायन डोपामिन. पुष्कळ वर्षं त्याला सुखाचं रसायन म्हटलं गेलं. पण १९९० च्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर दाखवलं की अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की डोपामिन उसळतं, आणि काही दिवसांनी ती उसळी बक्षिसावरून सरकून बक्षिसाच्या खुणेवर जाते. डोपामिनचं काम शिकवण्याचं आहे: हे महत्त्वाचं, हे पुन्हा कर, इथे लक्ष ठेव.

जेवण, यश, माया यांनी होणारी उसळी अपेक्षा पूर्ण झाली की शमते. नशेचा पदार्थ रसायनाच्या जोरावर प्रत्येक वेळी ती उसळी घडवतो, म्हणून मेंदू प्रत्येक वेळी नव्यानं शिकत राहतो. धूर ओढून किंवा शीर टोचून घेतलेला पदार्थ काही सेकंदांत मेंदूत पोचतो, म्हणून ते मार्ग गोळी गिळण्यापेक्षा जास्त लवकर जखडतात. तंबाखूच्या धुरातलं निकोटिन १० ते २० सेकंदांत पोचतं.

यातून तलफ तयार होते. ठरावीक वेळ, ठरावीक मित्राचा फोन, ग्लासातल्या बर्फाचा आवाज, भांडण, पगाराचा दिवस: पदार्थ समोर येण्याआधीच डोपामिन उसळतं. इथे मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांनी दाखवलेला फरक मला सर्वांत मोलाचा वाटतो. हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूत दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. व्यसनात आवड ओसरत जाते आणि हवंसं वाटणं वाढत जातं. म्हणून "आता मजा येत नाही, तरी प्यावी लागते" हे माझे रुग्ण म्हणतात तेव्हा ते अक्षरशः खरं असतं. त्याच वेळी ताणाची यंत्रणा चढलेली राहते आणि इतर कशातच रस वाटत नाही. सुरुवातीला बरं वाटावं म्हणून घेतलेला पदार्थ आता वाईट वाटू नये म्हणून घेतला जातो. आणि आवर घालणारा कपाळामागचा मेंदू याच काळात कमकुवत झालेला असतो.

तुमचा भाऊ "उद्यापासून सोडीन" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. संध्याकाळी प्यायल्यावर, त्रास नसताना, त्याला खरंच तसं वाटतं. सकाळचा मेंदू वेगळा असतो.

सगळ्यांनाच व्यसन लागत नाही. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत, पदार्थ कधीतरी घेतलेल्यांपैकी पुढे त्याच्यावर अवलंबून झालेले तंबाखूत ३२ टक्के, हेरॉइनमध्ये २३, कोकेनमध्ये १७, दारूत १५ आणि गांजात ९ टक्के निघाले. जोखमीतला साधारण निम्मा वाटा आनुवंशिक असतो. उरलेल्यात सुरुवातीचं वय फार महत्त्वाचं, कारण आवर घालणारा मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो. लहानपणीचे आघात, नैराश्य, चिंता, सहज उपलब्धता यांचाही वाटा मोठा. व्हिएतनाममध्ये हेरॉइनला लागलेल्या अमेरिकी सैनिकांचा संशोधक ली रॉबिन्स यांनी पाठपुरावा केला तेव्हा मायदेशी परतल्यावर पहिल्या दहा महिन्यांत त्यांच्यापैकी फक्त ५ टक्के पुन्हा त्याच्या आहारी गेलेले आढळले. परिस्थिती बदलली, खुणा बदलल्या, त्याचा परिणाम. उपचार घेऊन आलेला माणूस त्याच कट्ट्यावर, त्याच रिकाम्या संध्याकाळी परत बसला तर काय होणार, ते यावरून ओळखा.

उपचारात डिटॉक्सचे, म्हणजे देखरेखीखाली पदार्थ शरीरातून उतरवण्याचे, सात-दहा दिवस ही केवळ सुरुवात. त्यात शरीराचं झुकणं सरळ होतं, शिकलेली तलफ जात नाही. तलफेसाठी नालट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधं आहेत, अफूवर्गीय व्यसनात ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन. "एक नशा सोडून दुसरी लावली" अशी या शेवटच्या दोघांवर टीका होते. ती मला मान्य नाही, कारण त्यांनी मृत्यू कमी होतात हे वारंवार सिद्ध झालंय. बरोबरीनं समुपदेशन, स्वमदत गट, नैराश्य असेल तर त्याचा उपचार. डायसल्फिरम नावाची गोळी असते, ती घेतल्यावर दारू प्यायली तर ॲसिटाल्डिहाइड साठून चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं, देखरेखीखाली ती उपयोगी आहे. आमटीत किंवा चहात गुपचूप मिसळू नका. न कळता तो नेहमीइतकी प्यायला तर जीव जाऊ शकतो, आणि वाचला तरी तुमच्या हातचं जेवण तो पुन्हा विश्वासानं खाणार नाही. 'चूर्ण घाला, दारू सुटेल' अशा जाहिरातींच्या पुड्यांपासूनही लांब राहा.

सुटल्यानंतर पुन्हा प्यायला गेला, म्हणजे स्लिप झाली, तर पहिला फोन डॉक्टरला करा, नातेवाइकांची बैठक नंतर. पुन्हा घसरण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के आहे, रक्तदाब आणि दमा पुन्हा बळावण्याच्या प्रमाणाच्या आसपासच. दम्याचा झटका पुन्हा आला म्हणून आपण रुग्णाला घराबाहेर काढत नाही, औषध बदलतो. मात्र गर्द किंवा तशा पदार्थाच्या बाबतीत घसरणीत एक वेगळाच धोका असतो. काही आठवडे बंद राहिल्यानं सहनशीलता गेलेली असते, आणि माणूस जुनी मात्रा घेतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले दिवस म्हणूनच सर्वांत घातक.

भावाला न्याल तेव्हा सकाळी, तो त्यातल्या त्यात शुद्धीत असताना बोला. "तू दारुडा आहेस" असं न म्हणता "तुझे हात थरथरतात, त्याला औषध आहे, चल दाखवून येऊ" असं म्हणा. डॉक्टरकडे जाईपर्यंत त्याची दारू तोडू नका. रोज किती पितो, शेवटचा घोट कधी घेतला, कधी फिट आली होती का, झोपेच्या गोळ्या किंवा दुसरं काही घेतो का, डोक्याला मार लागला होता का, हे कागदावर लिहून न्या आणि प्रमाण कमी करून सांगू नका, कारण औषधाचा डोस त्यावरच ठरतो. त्याआधीच फिट आली, तो भलतंच बरळायला लागला, ताप चढला किंवा रक्ताची उलटी झाली, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या आणि दारात पोचताच सांगा की हा रोज पिणारा आहे आणि शेवटची इतक्या वाजता घेतली होती.